आधी आपलं गाव

एकदा मी अख्खं कोल्हापूर नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात नेऊन बुडवलं होतं. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, बिंदू चौक, गंगावेशीतला दूध कट्टा, सगळं एका दमात गेलं. चूक अगदी साधी होती. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आणि ७४.२४ पूर्व रेखांशावर आहे. नकाशा दाखवायला मी लीफलेट वापरत होते, त्यात अक्षांश आधी लिहितात. माझी माहिती जिओजेसन या फाइलप्रकारात होती, तिथे रेखांश आधी. मी एकाचं ताट दुसऱ्यापुढे वाढलं आणि ७४ उत्तर, १६ पूर्व असं एक नवंच कोल्हापूर तयार झालं, बेअर आयलंड नावाच्या ओसाड बेटाच्या पश्चिमेला. स्क्रीनवर निळ्याशार पाण्यात उसाच्या प्लॉटांचे बाराशे हिरवे ठिपके तरंगत होते. कोणत्याही ठिपक्यावर बाण नेला की छोटी खिडकी उघडायची, उसाची जात, लागण, क्षेत्र: को ८६०३२, आडसाली, २२ गुंठे.

आर्क्टिकात आडसाली लागण. त्या रात्री एकटीच बराच वेळ हसत बसले.

मी राजारामपुरीतल्या एका खोलीत बसून डॅशबोर्ड बनवते. आईला हे काम समजावताना मी गाडीचंच उदाहरण दिलं होतं. इंजिन उघडून बघायला लागू नये म्हणून काचेखाली काटे असतात, पेट्रोल किती, वेग किती, तापलंय का. तसे काटे मी कारखान्यांना, दूध संस्थांना, दवाखान्यांना करून देते. आई म्हणाली, "मग त्यात नकाशा कशाला? गाडीत कुठं नकाशा असतोय?" तेव्हा मी तिला उडवून लावलं. हा प्रश्न किती नेमका होता ते कळायला पुढे पाच-सहा वर्षं गेली.

कारण गिऱ्हाईक पहिल्या बैठकीत मागतं तो नकाशाच. आकडे काय दाखवायचे हे अजून ठरलेलं नसतं, रोज कोण बघणार हे माहीत नसतं, पण "त्यात मॅप पाहिजे बघा मॅडम, टच केला की मोठा होणारा" हे ठरलेलं असतं. मी नकाशा देते. देताना मला आनंदही होतो, हे कबूल करते. नकाशा लावला की निम्मा पडदा भरतो, बैठकीतले लोक पुढे सरकून बसतात, आणि तक्त्याला जे "बरं, बरं" मिळतं त्याच्या जागी "व्वा" मिळतो.

तो "व्वा" किती वेळ टिकतो हे मी एका साखर कारखान्याच्या शेती विभागात पाहिलं.

हंगाम सुरू व्हायला महिनाभर होता. ऊस नोंदीचा डॅशबोर्ड दाखवायला मी गेले होते. डावीकडे गट ऑफिसवार (काही गावांचा मिळून एक गट) नोंद, वर एकूण क्षेत्र, उजवीकडे नकाशा. एव्हाना ऊस आर्क्टिकातून परत आला होता. शेती अधिकाऱ्यांनी माऊस हातात घेतला. मला वाटलं, एकूण क्षेत्रावर जातील, निदान मागे पडलेल्या गटावर तरी. ते गेले थेट नकाशावर, मोठा करत, मोठा करत, नदीच्या वळणापाशी थांबले. "हे आमचं गाव," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण गाव नदीच्या ह्या अंगाला हाय. तुम्ही पल्याड टाकलंय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं दुरुस्त करते. पण त्यानंतरचा अर्धा तास वेगळा गेला. एकूण नोंद हेक्टरमध्ये अगदी बरोबर होती, मी ती तीनदा ताडून आणली होती, तरी तिच्याकडे बघताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होतं: गाव पल्याड टाकणारी बाई बेरीज काय बरोबर करणार?

तेव्हापासून मी एक गोष्ट न चुकता बघते. नकाशा कुणाच्याही हातात द्या, तो आधी आपलं गाव शोधतो. चेअरमन असो, डॉक्टर असो, संगणक शिकायला आलेली पोर असो. पहिली टिचकी जिल्ह्यावर नसते, सरासरीवर नसते, ती आपल्या घराच्या कौलावर असते. मला वाटतं ही हौस नसून परीक्षा असते. आकड्याला पत्ता नसतो, त्यामुळे तो खरा की खोटा हे बघणाऱ्याला तपासता येत नाही. नकाशावरची एक जागा मात्र त्याला तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असते. तो तिथे जातो, तुम्हाला तिथे गाठतो, आणि पास-नापास तिथेच ठरवून टाकतो.

हल्ली म्हणून मी बैठकीला जाण्याआधी समोर कोण बसणार आहे आणि त्यांची गावं कुठली, हे विचारून घेते आणि ती गावं हाताने तपासते. याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हणा.

गावं नदीपल्याड जातात कशी, हेही सांगायला हवं. पत्त्यावरून जागा शोधून देणाऱ्या सेवा असतात. आपण नाव द्यायचं, ती अक्षांश-रेखांश देते. शहरातल्या पत्त्यांना ठीक चालतं. पण मी 'चिखली' असं नाव दिलं आणि मला बुलढाणा जिल्ह्यातली चिखली मिळाली. बरोबरच आहे, ते तालुक्याचं गाव. पुढे 'कोल्हापूर' जोडलं, तरी आपल्याकडे करवीर तालुक्यात प्रयाग चिखली आहे आणि कागल तालुक्यातही एक चिखली आहे. यंत्राने एक निवडली आणि ती पूर्ण आत्मविश्वासाने दिली, कुठेही "बहुतेक" न म्हणता. माणसाला विचारलं असतं तर त्याने उलट विचारलं असतं, "कुठली चिखली? संगमाची का कागलातली?" नकाशातलं अर्धं ज्ञान त्या उलट प्रश्नात असतं.

पिनकोडवर भिस्त ठेवून पाहिली. पिनकोड १९७२ साली आला तो पत्रं वाटायला, जिल्हे आखायला नव्हे. आपल्याकडचे पिन ४१६ ने सुरू होतात म्हणून मी पहिल्या तीन आकड्यांवर रंग भरला. कोल्हापुरासोबत सांगली आली, मालवण आलं. एका दूध संस्थेच्या नकाशाला समुद्रकिनारा मिळाला.

या सगळ्यावर उपाय म्हणून कारखान्याने ठरवलं की चिटबॉयने शेतात जाऊन मोबाइलवर जागा नोंदवायची. चिटबॉय हा शब्द बाहेरच्यांना विचित्र वाटतो. ऊस कुणाचा, कुठल्या जातीचा, लागण कधीची, तोड कधी द्यायची, याची चिठ्ठी ज्याच्या हातात असते तो चिटबॉय. वय काहीही असो, पन्नाशीचाही बॉयच. त्याच्या डोक्यात गटातला प्रत्येक बांध असतो.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी उघडल्या तर एका गावातले सत्तावीस प्लॉट एकाच ठिपक्यावर. तो ठिपका एका चहाच्या टपरीवर होता. मी फोन केला. "ताई," पलीकडून आवाज आला, "उन्हात मोबाइलचा स्क्रीन दिसत न्हाई, म्हणून सावलीला बसून भरलं." मला राग यायला हवा होता. पण ऑक्टोबरचं ऊन, दहा फुटी ऊस, आत शिरलं की पात्यांनी अंग चिरतं आणि मोबाइलला आकाश दिसत नाही. माझ्या फॉर्ममध्ये 'सावली' हा विचारच नव्हता. पुढच्या आवृत्तीत अक्षरं मोठी केली, पार्श्वभूमी पांढरी केली, आणि जागा शेतात घ्यायची, बाकीचे रकाने नंतर कुठेही बसून भरायचे, असे दोन भाग केले. टपरीवरचा ऊस गेला.

पण त्याहून मोठी अडचण तशीच राहिली, ती आपल्या वाटण्यांची. दहा गुंठे म्हणजे साधारण १०१२ चौरस मीटर. बापाच्या रानाच्या तीन भावांत उभ्या पट्ट्या पडलेल्या असतात, एकेक पट्टी पंधरा मीटर रुंद, सत्तरेक मीटर लांब. साध्या मोबाइलची जागा उघड्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होते. बांधापासून चार पावलांवर उभं राहून नोंद केली तर ठिपका धाकट्याच्या पट्टीत पडू शकतो. आणि ते भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर? एका गावात हे झालंच. नकाशावर आपला ऊस भावाच्या रानात दिसतोय म्हणून एक शेतकरी गट ऑफिसात येऊन बसला. ठिपका पाच मीटरने चुकू शकतो, हे त्याला पटवायला चिटबॉयला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी त्या नकाशाला एका मर्यादेपलीकडे मोठा होऊच देत नाही. पट्टीपट्टी दिसायला लागायच्या आधीच तो थांबतो. गिऱ्हाईक म्हणतं, अजून झूम का होत नाही? मी म्हणते, यापुढे आपल्याला माहीत नाही.

झूमची गंमत अशी की त्याला अंत आहे असं वाटतच नाही. पहिल्या पायरीला अख्खी पृथ्वी एका छोट्या चौकोनात मावते, २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या. एक पायरी आत गेलं की चार चौकोन, मग सोळा, आणि अठरा पायऱ्या आत गेलं की ६८७१ कोटींच्या वर. आपण बोटं फाकवतो आणि त्यातले आपल्यापुरते पंधरा-वीस चौकोन धावत येतात. चित्र इतकं सफाईने मोठं होतं की माहितीही तितकीच बारीक झाली असेल असं वाटतं. ती तिथेच असते, चहाच्या टपरीवर.

रंगांचं वेगळंच प्रकरण आहे. तालुकावार रंग भरलेला नकाशा सगळ्यांना आवडतो. ही कल्पना जुनी, १८२६ साली शार्ल द्यूपँ या फ्रेंच माणसाने फ्रान्सच्या कोणत्या भागात शिक्षण किती हे काळ्या-पांढऱ्या छटांत दाखवलं होतं, तेव्हापासूनची. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. एकूण संख्या घेऊन रंग भरला की शाहूवाडी पडदाभर पसरतो आणि इचलकरंजी ज्यात आहे तो हातकणंगले कोपऱ्यात चेपून बसतो. प्रत्यक्षात शाहूवाडीची लोकसंख्या हातकणंगल्याच्या चौथाईच्या आसपास. डोळा मात्र माणसं मोजत नाही, रंगाचा आकार मोजतो, आणि डोंगर-जंगलाला मत देऊन मोकळा होतो.

पावसाच्या नकाशात तर हसू येतं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळला त्याचा दहावा हिस्सा. तालुक्याला एक रंग दिला की गगनबावड्याच्या हद्दीवर गडद निळा कापल्यासारखा संपतो, जणू ढग तहसीलदाराला विचारून थांबलेत.

आणि टप्पे कुठे पाडायचे? त्याच नऊ गट ऑफिसांची तीच आकडेवारी मी तीन प्रकारे रंगवून पाहिली. आकड्यांचे समान टप्पे केले तर एक गट लाल, बाकी सगळे जवळपास सारखे. प्रत्येक रंगात तीन-तीन गट येतील असं केलं तर तीन लाल. आकड्यांत नैसर्गिक खंड जिथे पडतात तिथे तोडलं तर दोन लाल. आकडा एकही बदलला नव्हता. एका गटप्रमुखाला कुणी सांगितलं की आपण लाल आहोत, त्याचा मला रात्री साडेनऊला फोन. मी टप्पे समजावत होते, तो मधेच म्हणाला, "ते समदं बरोबर असंल मॅडम, पण मीटिंगमध्ये लाल दिसतोय न्हवं?" त्याचं खरं होतं. लाल-हिरवा मी तेव्हापासून सोडला. शिवाय काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसतही नाहीत, आणि शेती विभागाच्या त्या खोलीत माझ्याशिवाय सगळे पुरुषच होते. आता पांढऱ्यापासून तांबड्यापर्यंत चढत जाणारी एकच रांग ठेवते. कोल्हापुरात ती कुणाला समजवावी लागत नाही. पांढरा सौम्य, तांबडा जाळ.

एवढं झाल्यावर मी नकाशा काढूनच टाकला असेल असं वाटेल. अर्ध्या कामांतून काढलाही. 'कोणता गट मागे आहे' या प्रश्नाला नकाशा लागत नाही, आडव्या पट्ट्या मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावल्या की झालं. चेअरमन मोबाइलवर बघतात, आणि मोबाइलवर नकाशा म्हणजे एक खड्डाच असतो. पान खाली सरकवायला बोट फिरवलं की ते नकाशात अडकतं, पान जागच्या जागी आणि कोल्हापूर सरकत कारवारला. आई म्हणाली होती, गाडीत कुठं नकाशा असतोय. (आता असतो, पण वाद तिनेच जिंकलेला आहे.)

तरी जिथे जागा हेच कारण असतं तिथे नकाशाशिवाय हात बांधल्यासारखे होतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला तर बरा, नाहीतर वजनही उतरतं आणि साखरही. मग टोळी आज कुठे आहे, उद्याची तोड तिच्या जवळची आहे का, ट्रॅक्टरला जोडलेल्या अंगद गाडीने कुठून कुठे यायचं, हे तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दोन प्लॉट शेजारच्या ओळींत असतात आणि जमिनीवर त्यांच्यात डोंगर असतो. टोळ्यांचा तो नकाशा रोज सकाळी सहाला उघडला जातो, आणि तो उघडणारे लोक त्याला कधीही 'व्वा' म्हणत नाहीत.

त्याच कामात मी आणखी एक चूक केली, ती सुदैवाने बाहेर गेली नाही. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांत किमान २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. कुणीतरी म्हणालं, आपल्याभोवती तेवढं वर्तुळ काढून दाखवा. दोन मिनिटांत काढलं. नंतर सहज मोजपट्टी लावली तर ते २४ किलोमीटरच भरलं. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीने सपाट केलेले असतात. १५६९ साली त्याने ते दर्यावर्दींसाठी केलं, दिशा सरळ राहाव्यात म्हणून. त्यात विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकी जमीन ताणलेली दिसते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते यामुळे, हे शाळेत ऐकलेलं असतं. पण कोल्हापूरही चार टक्क्यांहून जरा जास्तच ताणलेलं आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. नकाशाच्या मीटरमध्ये २५ किलोमीटर घेतले की जमिनीवर एक किलोमीटर गळतो. या एका किलोमीटरसाठी माणसं कोर्टात जातात.

हवाई अंतर हा शब्दही मला तेव्हापासून खटकतो. ऊस उडत येत नाही. आपल्याकडे नद्या आडव्या येतात, आणि त्या ओलांडायच्या तर अनेक गावांना बंधाऱ्यावरूनच. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे के. टी. वेअर, पावसाळा संपताना त्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. वरून सायकल, मोटारसायकल, बैलगाडी जाते. पाणी चढलं की बंधारा पाण्याखाली आणि पलीकडचं गाव, जे डोळ्यांना दिसतंय, ते वीस किलोमीटर लांब जातं. नकाशावर दोन्ही दिवशी अंतर तेवढंच.

म्हणून पावसाळ्यात कोल्हापूरकर नकाशा बघत नाहीत, यादी ऐकतात. 'पंचगंगा नदीवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ हे बंधारे पाण्याखाली.' लहानपणापासून हे वाक्य रेडिओवर, पेपरात, आता व्हॉट्सॲपवर. कितीतरी वर्षं मला ते नुसतं नावांचं गुऱ्हाळ वाटायचं. मग एकदा लक्षात आलं की हा क्रम वरून खालचा आहे, पाणी ज्या क्रमाने जातं तोच. या एका वाक्यात नदी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात, त्याच्याही वर बारा फूट. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद, शहरात पाणी व्हीनस कॉर्नरला. मी घरात बसून, वीज असेल तेवढा वेळ, पुराचा नकाशा बनवायचा प्रयत्न केला. जमिनीची उंची फुकट मिळते. एन्डेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली होती, ती माहिती खुली आहे. त्यावर मी पाण्याची पातळी चढवली. निळा रंग सुंदर पसरला आणि साफ खोटा होता. ती उंची तीस मीटरच्या चौकोनाला एकच, त्यात काही मीटरची चूक, आणि रडारला जमिनीबरोबर झाडांचे शेंडे नि घरांची छपरंही लागलेली. इथे तर प्रश्न फुटा-फुटाचा. माझ्या नकाशात सुतारवाडा कोरडा होता. शहरात सगळ्यात आधी ज्यांना घर सोडावं लागतं त्यांतला तो सुतारवाडा.

खाली गल्लीत माणसं एकमेकांना विचारत होती, "पाणी जामदार क्लबला आलं का? कुंभार गल्लीत कुठवर?" आणि उत्तरं अचूक येत होती. मी लॅपटॉप मिटला.

शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठावर माझ्या मावशीचं गाव आहे. त्या पुरात तिला, म्हशींना आणि नातवाला बाहेर काढलं होतं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा तिचे दिवसातून चार फोन. "राजारामला किती झालं? रुई बुडलं का?" तिच्यासाठी म्हणून मी एक पान केलं. त्यात नकाशा नाही. एक उभी रेघ, वरून खाली सात खुणा, शिंगणापूरपासून शिरोळपर्यंत, प्रत्येकीपुढे बंधारा पाण्याखाली की वर, आणि जिथे मिळेल तिथे पातळी. प्रशासन रोज जे प्रसिद्ध करतं तेच मी हाताने भरायची. वळणं नाहीत, अंतर खरं नाही, मोठं-छोटं होत नाही.

हे मला एकदम सुचलं नव्हतं. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ साली लंडनच्या भुयारी रेल्वेचा असाच नकाशा काढला होता, जमीन विसरून, नुसत्या सरळ रेघा आणि स्थानकं. आधी तो नाकारला गेला, १९३३ ला छापला आणि मग जगभरच्या मेट्रोंनी तीच चाल धरली. जमिनीखालून जाणाऱ्याला वरचा रस्ता नको असतो, पुढचं स्टेशन कोणतं ते हवं असतं. मावशीला तेच हवं होतं. पुढचं स्टेशन रुई, मग इचलकरंजी, मग तेरवाड, मग आपण.

पान तिच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवलं. पूर ओसरल्यावर मी गेले तेव्हा तिने ते मला परत उघडून दाखवलं. तिने काय केलं असेल? बोट तेरवाडवरून खाली आणलं, शिरोळच्या जरा वर थांबवलं. "हितं आमी."

मी खूश. मग ती म्हणाली, "पण वाडी कुठं हाय?"

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. मी म्हटलं, मावशी, तो बंधारा नाही, आणि नदी तिथे संपते. माझी रेघ शिरोळला थांबलेली होती.

"संपती काय? तिथनंच तर येतंय." ओट्यावरचं तांब्यातलं पाणी तिने फरशीवर ओतलं, खाली हाताचा बांध घातला आणि दाखवलं. वरून येणारं पाणी हाताशी थांबलं, पसरलं, मागे सरकलं. कृष्णा भरून आली की पंचगंगेला वाट मिळत नाही, फुग येते, आणि मावशीच्या गावात पाणी वरून कमी आणि खालून जास्त चढतं. राजारामला उतार पडला तरी यांच्या अंगणात चढ असतो तो यामुळे. माझ्या रेघेवर पाणी एकाच दिशेने चालत होतं.

"मग वाडीला किती फूट झालं ते टाकू का?" मी विचारलं.

"फूट-बीट नगं. दक्षिणद्वार झालं का तेवढं टाक."

कृष्णेचं पाणी चढत दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडायला लागलं की वाडीत दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला लोटतात. तो सोहळा मला लहानपणापासून माहीत होता. त्याला मोजपट्टी म्हणून कुणी वापरत असेल हे माहीत नव्हतं.

रेघेच्या तळाशी आता आठवी खूण आहे. तिचा बाण वरच्या दिशेला आहे, पुढे दोनच शब्दांची जागा: झालं किंवा नाही. मी पावसाळ्यात ती रोज भरते. मावशी ती बघत नाही, तिला वाडीहून फोन आधीच आलेला असतो. बऱ्याचदा तो निरोप तीच मला देते आणि मग मी खूण बदलते.